जैतुनबीची झाकणाची डबी

काच धुवायच्या आधी जैतुनबी ती एकदा बघून घ्यायची. एवढीच तिची खोड. पण त्या खोडीपायी एका माणसाचं पोट फाडायचं राहिलं, आणि त्याच खोडीपायी जैतुनबीला आठ दिवस घास गोड लागला नाही.

उस्मानपुऱ्यात त्या काळी एका ट्रस्टचा चाळीस खाटांचा दवाखाना होता. आता तिथं कापडाचं दुकान झालंय, दारात बिनडोक्याच्या बाहुल्यांना साड्या नेसवून उभं केलेलं. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक चिंचोळी खोली, ती लॅब. तिथं काकासाहेब दिवसभर यंत्राला डोळा लावून बसायचे. त्याला मायक्रोस्कोप म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण शिपायापासून दायांपर्यंत सगळे त्याला दुर्बीणच म्हणायचे. काकासाहेब लोकांचं रक्त, थुंकी, संडास काचेवर घेऊन बघायचे, कागदावर लिहायचे आणि काच जैतुनबीच्या घमेल्यात टाकायचे. मग ते चहाला गेले की जैतुनबी हळूच घमेल्यातली काच काढायची, फडक्यानं कड पुसायची, दुर्बिणीखाली सरकवायची.

आठ वर्षं चोरून बघून बघून ती तयार झाली होती. वाचता काही येत नव्हतं. पोलीस ॲक्शनच्या साली ती बारा वर्षांची. शाळा बंद पडली, ती पुढं दुसऱ्यांसाठी उघडली, तिच्यासाठी नाही. अलिफ, बे, पे एवढ्यावरच गाडी थांबली. त्यामुळं दुर्बिणीत दिसेल त्याला ती आपलंच नाव ठेवायची. मोठ्या जंताचं अंडं खरबरीत, तपकिरी, ती बोराची आठळी. दोन्ही तोंडांना बूच मारल्यासारखं असायचं ते ढोलकी. पातळ सालीचं, आत चार गोळे असलेलं, तो साबुदाणा. काकासाहेबांनी एकदा तिला पकडलं तेव्हा ते रागवायचे तर हसायलाच लागले.

"काय बघतेस गं?"

"ढोलकी हाय दोन. अन् एक साबुदाणा. तुम्ही साबुदाणा लिहिला का नाय?"

काकासाहेबांनी कागद बघितला. साबुदाणा लिहिला नव्हता. तेव्हापासून त्यांनी तिला चोरून बघायची मुभा दिली. म्हणजे बघायचं चोरूनच, पण त्यांना ठाऊक असून.

त्याच्या आधी पंधरा वर्षं जैतुनबीची बैठक परातीसमोर होती. नवरा नवाब मुंडी, पाये, कलेजी विकायचा. कलेजी धुवायची, नळ्या दाबून बघायच्या, चिरून बघायची हे काम हिचं. एखाद्या मेंढीची कलेजी दगडासारखी लागायची. ती चिरली की नळीतून तुळशीच्या पानाएवढा चपटा, करडा किडा बाहेर यायचा आणि तळहातावर सुस्तपणे कडा हलवायचा. जैतुनबी त्याला पानकिडा म्हणायची, नि अशी कलेजी कधी गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाऊ द्यायची नाही. नवाब गेला, दुकान दिराकडं गेलं, आणि ही दवाखान्यात काचा धुवायला आली. मुलगा मुबारक तेव्हा गॅरेजात शिकायला लागला होता, घरात दोघंच.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. माघ महिन्यात फर्दापूरकडचे नानासाहेब दवाखान्यात भरती झाले. टपालवाले. त्या अंगाच्या सात खेड्यांत सायकलवर कागद वाटत फिरायचे. माणूस उंचापुरा, पण तीन महिन्यांच्या तापानं नुसता सांगाडा राहिलेला. उजव्या बरगडीखाली दुखायचं, डोळे हळदीसारखे, अन्नावर वासना नाही. मोठ्या डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि कलेजी सुजलीय म्हणाले, आत काहीतरी कडक लागतंय. तेव्हा पोटातलं फोटो काढून दाखवणारी यंत्रं आपल्याकडं कुठली? कॅन्सरची गाठ असेल तर पोट उघडल्याशिवाय कळणार नाही, म्हणून येत्या शुक्रवारी पोट उघडायचं ठरलं. नानासाहेबांची बायको मनकर्णाबाई हे ऐकून खाटेचा पाय धरूनच बसली.

काकासाहेबांना मात्र हे पटत नव्हतं. नानासाहेबांच्या रक्ताची काच त्यांनी तीनदा बघितली. "जैतुनबी, इकडं ये. हे लाल दाण्यांचे गोळे बघ. चांगल्या माणसाच्या रक्तात शंभरात चार-पाच असतात. ह्याच्यात चाळीस आहेत. हे असे गोळे उठतात ते बहुतेक जंत अंगात शिरला की. कॅन्सरला कशाला एवढे उठतील?"

"मग सांगा ना मोठ्या डॉक्टरला."

"सांगितलं. म्हणाले, जंत दाखवा."

दाखवा म्हणणं सोपं. काकासाहेब रोज नानासाहेबांचा संडास मागवायचे, टाचणीच्या टोकाएवढा काचेवर घ्यायचे, बघायचे. काही नाही. असे दिवस चालले होते. बुधवारी दुपारी ते कंटाळून चहाला उठले, काच घमेल्यात पडली. जैतुनबीनं उचलली, पुसली, दुर्बिणीखाली सरकवली.

आणि तिच्या हातातलं फडकं खाली पडलं.

साबुदाण्याच्या दुप्पट मोठं. लांबट, सोनेरी, आत दाणेदार. आणि एका टोकाला, अत्तराच्या डबीला असावं तसं, इवलंसं झाकण! तिनं काच सरकवली. आणखी एक. आणखी एक! आठ वर्षांत तिनं असलं काही बघितलं नव्हतं. ती तशीच, चपला न घालता, मागच्या दारानं चहाच्या टपरीवर पळाली.

"काकासाहेब! चाय छोडो! चला, चला लवकर!"

"अगं काय झालं? आग लागली का?"

"डबी हाय! झाकणाची डबी!"

टपरीवरच्या लोकांना वाटलं हिचा दागिन्यांचा डबा सापडला. काकासाहेब अर्धा कप तसाच ठेवून आले, दुर्बिणीत वाकले, आणि किती तरी वेळ उठलेच नाहीत. मग कपाटातलं जाडजूड पुस्तक काढलं, पानं फरफर उलटली, एका चित्रावर बोट ठेवलं. चित्र आणि काच, काच आणि चित्र. त्यांचा चष्मा घामानं घसरत होता.

"जैतुनबी, हा मेंढ्यांच्या लिव्हरमधला चपटा कृमी. पानासारखा असतो."

"पानासारखा?" जैतुनबीनं कंबरेवर हात ठेवले. "मेंढीच्या कलेजीत? नळीत? मग पुस्तक कायकू बघता, मला विचारा की! त्याला मी पंधरा वरसं फेकलंय."

आणि ती खरोखरच तडक दिराच्या दुकानावर गेली. फेकायला काढलेली एक कलेजी आणि तिची पित्ताची पिशवी घेऊन तासाभरात परत. पिशवी फोडून परातीत पाणी घातलं, जरा वेळानं वरचं पाणी ओतून दिलं, तर तळाशी बारीक सोनेरी भुकटी. तिच्यातला थेंब काचेवर. काकासाहेबांनी बघितलं नि टाळी वाजवली. डब्या! शेकड्यांनी डब्या, सगळ्या झाकणाच्या, जशाच्या तशा!

दवाखान्यात बोंबाबोंब झाली. मोठे डॉक्टर लॅबमध्ये आले, ते कधी यायचे नाहीत. वाकून बघितलं. "माणसात मी हे पहिल्यांदा बघतोय," म्हणाले. शुक्रवारचं पोट उघडणं रद्द. ह्यावर तेव्हा एक इंजेक्शन होतं, दहा दिवसांचं. औषध जहाल, रोग्याचं काळीजच बंद पडायची भीती, म्हणून खाटेवरून उठूसुद्धा द्यायचं नाही. गुरुवारी सकाळी दहाला सुरू करायचं ठरलं. जाता जाता डॉक्टर म्हणाले, "ही काच कुणी पकडली?" काकासाहेबांनी जैतुनबीकडं बोट दाखवलं. तिनं पदर दाताखाली धरला. त्या दिवशी तिला राष्ट्रपतीनं बोलावलं असतं तरी ती म्हणाली असती, थांबा, आज लई काम हाय.

मग सगळे नानासाहेबांच्या खाटेशी गेले. जैतुनबीही मागं मागं, हातात रिकामा ट्रे घेऊन, उगीच.

डॉक्टरांनी विचारलं, "मांसाहार करता का? बकऱ्याची कलेजी वगैरे?"

नानासाहेबांनी तोंड उघडायच्या आत मनकर्णाबाई म्हणाली, "दंडवत डॉक्टरसाहेब. आमचं महानुभावी घर. ह्यांनी वीस वरसांमागं उपदेश घेतलेला. मटन सोडा, अंडं सुदिक घरात येत नाय."

आजूबाजूच्या खाटांवरचे सगळे ऐकत होते. नानासाहेब छतावरच्या पंख्याकडं बघत राहिले. पंखा बंद होता.

"मग शंकाच नाही," डॉक्टर म्हणाले आणि पुढं गेले.

जैतुनबीच्या हातातला ट्रे मात्र एकदम जड झाला.

कारण नानासाहेबांना कलेजी खाऊ घालणारी तीच होती.

त्याचं असं झालं होतं. शेजारच्या खाटेवरच्याला घरून कलेजीचा डबा यायचा. नानासाहेब वास घेत पडायचे. एक दिवस जैतुनबी तपासायच्या लघवीची बाटली न्यायला आली तर हळूच म्हणाले, "बी, त्यो काय खातो गं?"

"कलेजी. खून भरतो अंगात."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "उपदेश घ्यायच्या आधी मी बी खायचो. माझी माय लई चांगली करायची."

"मग?"

"मग काय. डॉक्टर म्हणतेत, रगतच नाय. दुसरं काय बी गिळलं तर उलटतंय."

जैतुनबी खाटेशी वाकली. "तुमचा किसन बघतो, माझा अल्ला बघतो. दोघं मिळून माफ करतील. खाव." आणि शनिवारपासून मंगळवारपर्यंत चार दिवस, मनकर्णाबाई नळावर धुणं घेऊन गेली की, जैतुनबी पदराखालून छोटा डबा काढायची. बाहेरचं जेवण रोग्याला द्यायचं नाही असा नोकरांना सक्त नियम. त्याच वर्षी एका दाईला एवढ्याच कारणावरून काढलं होतं. नानासाहेब चार घासांत डबा रिकामा करायचे, मग भिंतीकडं तोंड करून हात जोडायचे. आणि त्यांचा चेहरा खरंच जरा उजळला होता, हो. ते बघून ती पुन्हा आणायची.

घरी जाताना तिच्या डोक्यात एकच चक्र. कलेजी दिराच्या दुकानची. तिनं स्वतः चिरून बघितली नव्हती, चिरलेलीच आणली होती. दिरानं नळ्या दाबून बघितल्या असतील? तो कसला बघतोय! त्या कलेजीत डब्या असल्या तर? माणसानं चिंचोका गिळला तर तो जसाच्या तसा बाहेर पडतो. डबीला तर वर झाकण. शिजली तरी तिचं काय होणार? म्हणजे आज काचेवर दिसल्या त्या डब्या नानासाहेबांच्या कलेजीतल्या, की मेंढीच्या?

मेंढीच्या असतील तर उद्या दहा वाजता ह्या माणसाला काळीज बंद पाडणारं औषध फुकटच टोचणार. आणि आतली गाठ आत वाढत राहणार.

आणि हे बोलली तर तिची नोकरी जाणार. नानासाहेबांची घरात मान खाली जाणार, वीस वर्षांचा उपदेश. मुबारकनं विचारलं, "अम्मी, खाना नहीं खाया?" तिनं ताट झाकून ठेवलं.

सकाळी आठलाच ती लॅबच्या दारात.

"काकासाहेब, ती डबी... ती माझी हाय."

"तुझी? तू अंडी घालायला लागलीस काय?"

"हसू नका. कलेजी मी खिलाई त्याला."

काकासाहेबांचा हात चष्म्यावरच थांबला. सगळं ऐकून घेतलं. मग असे ओरडले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "अक्कल आहे का तुला? पुस्तकात चक्क लिहिलंय, कलेजी खाल्लेल्याच्या संडासात खोटी अंडी सापडतात! म्हणून तर डॉक्टरांनी विचारलं! आणि तो पठ्ठ्या पंख्याकडं बघतो!"

"बायकोसमोर, अख्ख्या वार्डासमोर कसं सांगणार तो?"

"आणि तू?"

"मी सांगायला आलेय ना. दहा वाजायचेत अजून."

पावणेदहाला दोघं मोठ्या डॉक्टरांसमोर. जैतुनबीनं सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. डॉक्टरांचं तोंड लाल झालं. बराच वेळ टेबलावर पेन आपटत राहिले. शेवटी म्हणाले, "नोकरीचं नंतर बघू. आधी त्या माणसाचं बघू." मनकर्णाबाईला औषधाच्या खिडकीवर पाठवून त्यांनी नानासाहेबांना हळूच विचारलं. नानासाहेबांनी मान हलवली, डोळ्यांत पाणी. मग डॉक्टरांनी दुसरं विचारलं, "पाण्यातलं कच्चं काही खाल्लंत का? तळ्यातलं?"

"शिंगाडे. दिवाळीच्या आगंमागं रोजच. तळ्यावरून सायकल जाते माझी. शिंगाडेवाले पोतं उपसत असतेत, मूठभर हातात देतेत. दातानंच सोलायचे अन् खात जायचं."

डॉक्टर आणि काकासाहेबांनी एकमेकांकडं बघितलं. त्याच तळ्यावर मेंढरं पाणी पितात, काठाला घाण करतात. अंड्यातून किडा पाण्यात, पाण्यातून गोगलगाईत, तिथून निघून पाण्यातल्या पाल्याला, सालीला चिकटतो. दातानं साल सोलली की गेला पोटात. म्हणजे रोग खराही असू शकतो. काचेवरच्या डब्या मात्र आता साक्षीला चालायच्या नाहीत.

"एक आठवडा," डॉक्टर म्हणाले. "कलेजीचा तुकडाही नको. खाल्लेली अंडी तीन-चार दिवसांत निघून जातील. त्यानंतरही सापडली तर ती ह्याची स्वतःची. नाही सापडली तर पुढच्या गुरुवारी पोट उघडायचं. ह्याच्यापुढं मी थांबणार नाही, माणूस हातचा जाईल."

झालं. जैतुनबीचा रोजचा दिवस काचेवर सुरू व्हायचा, काचेवर संपायचा. शुक्रवारी डब्या सहा. शनिवारी दोन, त्यातली एक फुटकी. रविवारी काकासाहेब दोन तास बघत बसले. एकही नाही.

"उद्या बघू," म्हणाले.

सोमवारी त्यांनी मिठाचं पाणी केलं. त्यांची नेहमीची युक्ती. दाट मिठाच्या पाण्यात संडास ढवळायचा, अंडी हलकी असतात ती वर तरंगतात, वरचा थेंब काचेवर टेकवून घ्यायचा. साबुदाणे असेच शेकड्यांनी पकडले होते त्यांनी. सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. तिकडं नानासाहेबांना थंडी वाजून ताप, डोळे आणखी पिवळे. मनकर्णाबाई येता-जाता जैतुनबीला विचारायची, "बी, घावलं का गं काय?" जैतुनबी म्हणायची, "घावंल." आणि मागं जाऊन नळ मोठा सोडून रडायची.

बुधवार उजाडला. उद्या ऑपरेशन. वार्डबॉय नानासाहेबांचं पोट भादरायचा वस्तरा घासत होता. काकासाहेबांनी दुपारी बारालाच दुर्बिणीवर टोपी घातली.

"नाही गं जैतुनबी. वर काहीच येत नाही."

जैतुनबी परातीत बाटल्या विसळत होती. ती जागीच थांबली.

"वर?"

"वर म्हणजे मिठाच्या पाण्यावर."

"पण काकासाहेब," ती ओल्या हातानंच उठली, "ती वर यायचीच नाय! त्या दिवशी पित्ताची पिशवी फोडली, भुकटी कुठं होती? परातीच्या तळाला! पंधरा वरसं तळालाच बघितली मी. तुम्ही तरंगणारी शोधायलेत अन् ही बसणारी!"

काकासाहेबांनी दुर्बिणीवरची टोपी पुन्हा काढली.

"अन् टाचणीएवढं घेता तुम्ही. शंभर पायली ज्वारीत एक खडा असला तर मूठभर बघून घावंल का? सगळी रोळावी लागंल."

आता रोळणं हे कुठल्या पुस्तकातलं नाही. धान्य पाण्यात घालून भांडं गोल फिरवायचं, हलकं वरून अलगद ओतायचं, खडा तळाशी राहतो. आपल्या आयाबाया जन्मभर करत आल्यात. जैतुनबीनं पदर खोचला. नानासाहेबांचा सकाळचा सगळा संडास, एनॅमलचं भांडंच्या भांडं, तिनं पाण्यात कालवला. जाळीच्या कापडातून गाळला. उंच काचेच्या पेल्यात ओतला आणि बसू दिला. तिनं पेल्याला हात लावू दिला नाही कुणाला.

"आता ओतू?" काकासाहेब.

"नक्को. घाई नक्को."

घड्याळात बघता येत नव्हतं तिला, पण पाणी कधी बसतं ते येत होतं. वरचं अलगद ओतलं. नवं पाणी. पुन्हा फिरवलं, पुन्हा बसू दिलं, पुन्हा ओतलं. काकासाहेब नाकाला रुमाल लावून शेजारी उभे, जैतुनबीला वासाचं भानच नव्हतं. पाच वेळा. सहाव्या वेळी पाणी स्वच्छ झालं, नि तळाला बोटभर गाळ उरला.

पहिला थेंब. काकासाहेब वाकले. काही नाही.

दुसरा. काही नाही.

चौथा, पाचवा. खिडकीतून ऊन टेबलावरून खाली उतरलं.

"तू बघ आता," काकासाहेब डोळे चोळत म्हणाले. "माझ्या डोळ्यापुढं नुसते काजवे आहेत."

जैतुनबी स्टुलावर बसली. आठ वर्षांत पहिल्यांदा, उघडपणे, काकासाहेबांच्या जागेवर. सातवा थेंब. हळूहळू काच सरकवत गेली, जशी कलेजीची नळी बोटानं चाचपावी तशी. भाजीचे तंतू. मिरचीची साल. हवेचा बुडबुडा. आणि मग कडेला, अर्धी दिसणारी, सोनेरी...

तिनं श्वास धरला. काच केसभर सरकवली.

झाकण!

"काकासाहेब," तिचा आवाज इतका बारीक झाला की तिलाच ऐकू आला नाही. "काकासाहेब! डबी!"

ते वाकले. "आहे! अगं आहे! अख्खी आहे!" आणि पुढच्या थेंबात दुसरी. त्याच्या पुढच्यात आणखी एक. कलेजी बंद होऊन आठ दिवस झालेले. ह्या डब्या मेंढीच्या नव्हत्या, दिराच्या दुकानच्या नव्हत्या, जैतुनबीच्या डब्यातल्या नव्हत्या. ह्या नानासाहेबांच्या स्वतःच्या होत्या!

जैतुनबी व्हरांड्यातून पळत सुटली. हात तसेच, लाज-लज्जा गुंडाळून, मोठ्या डॉक्टरांचं दार ढकलून आत. "डॉक्टरसाब, वस्तरा थांबवा!"

डॉक्टर आले, तीन काचा बघितल्या, तिन्ही पुन्हा बघितल्या. "हे कसं काढलंत?"

काकासाहेब म्हणाले, "रोळून."

डॉक्टरांना कळलं नाही. ते शहरातले, धान्य कुठं रोळायला गेले होते. त्यांना पेला फिरवून दाखवावा लागला.

गुरुवारी नानासाहेबांचं पोट उघडलं नाही, दंडावर सुई टोचली. दहा दिवस, दहा सुया. मनकर्णाबाईनं त्यांना कूससुद्धा बदलू दिली नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला. दहाव्या दिवशी डोळ्यांतली हळद फिकी झाली आणि नानासाहेबांनी स्वतःहून भाकरी मागितली. पुढं दीड महिन्यानं गाळ रोळून बघितला, एक डबी नाही. जैतुनबीनं तो सहा वेळा रोळला, काकासाहेब पुरे म्हणत असताना.

नानासाहेब घरी निघाले त्या दिवशी जैतुनबी मनकर्णाबाईसमोर उभी राहिली. हिला तरी खरं सांगून टाकावं म्हणून.

"बाई, एक बोलायचं हाय. रागवा, पण ऐका. ते कलेजीचं..."

मनकर्णाबाई गाठोडं बांधत होती. वर न बघता म्हणाली, "पहिल्याच दिवशी कळलं मला. ह्यांच्या मिशीला लसणाचा वास."

"अन् तुम्ही गप्प बसलात?"

"तीन महिन्यांत पहिल्यांदा माणूस पोटाला खाऊन निजला व्हता. मी नळावरच जास्त वेळ बसायला लागले. चार दिवस एकच लुगडं धूत व्हते मी, बी."

"मग डॉक्टरला तसं..."

"सगळ्या वार्डासमोर विचारतंय का कुणी असं? अन् त्या डब्यानं घोळ व्हतो हे मला काय ठाव?" तिनं गाठ आवळली आणि जैतुनबीचा हात धरला. "तू सांगितलंस. मला न्हाई सांगवलं. ह्यांना बोलू नको हां, मला ठाव हाय म्हणून. बिचारं अजून भितंय."

नोकरीचं डॉक्टरांनी नंतर बघितलं. नियम मोडला म्हणून आठ दिवसांची बिनपगारी सुट्टी दिली. आणि नवव्या दिवशी ती आली तर दुर्बिणीशेजारी दुसरं स्टूल ठेवलेलं. काकासाहेब म्हणाले, "धुवायच्या आधी बघायचं. आता हुकूम आहे." पुढं एकवीस वर्षं ती त्या स्टुलावर बसली. कागदावर लिहायचे काकासाहेब, ते गेल्यावर आणखी कोणी, सांगायची ती. पेला रोळायचं काम मात्र तिनं कुणाला दिलं नाही.

मुबारकनं पुढं गारखेड्यात घर घेतलं, तिथं ती म्हातारी झाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर पट्टी काढली तेव्हा पहिलं काय बघितलं तर नळाखालचा पेला, तळाला काही बसलंय का ते. नानासाहेब पुन्हा सायकलवर कागद वाटायला लागले. दर दिवाळीच्या आगंमागं फर्दापूरच्या एस.टी.नं एक टोपली यायची, शिंगाड्यांची, वर चिठ्ठी. मुबारक वाचून दाखवायचा: "उकडलेले आहेत. नानासाहेब."

जैतुनबी मान डोलवायची, टोपली आत न्यायची, मोठ्या पातेल्यात पाणी चढवायची आणि शिंगाडे पुन्हा एकदा उकडायची.